हो म्हणणारं घर

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण नव्या बागेचे नऊ दिवस काही संपेनात. उद्घाटन होऊन कितीतरी रविवार उलटले तरी तिथली गर्दी हटत नव्हती. शेजारचे जाऊन आले, चष्म्याच्या दुकानातल्या सगळ्या जणी जाऊन आल्या. दुकानाच्या मालकाच्या तर दुकानाची पायरी उतरायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या पडतात, पण तोसुद्धा बायकोला घेऊन जाऊन आला आणि सोमवारी गिऱ्हाइकांना फोटो दाखवत बसला. राहिलं होतं ते चष्मेवालीचं घर.

चष्मेवाली हे तिचं गल्लीतलं नाव. तिच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता. दुकानात ती लोकांच्या नाकाकानांची मापं घ्यायची, काड्या वाकवून द्यायची, म्हणून ते नाव चिकटलं. घरात ती, नवरा, पहिलीत जाणारी मुलगी आणि सासरे. मुलगी चणीनं लहान, म्हणून तिला सगळे टिल्ली म्हणत. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि बागेत जायचं लांबणीवर पडत होतं ते अप्पांमुळेच.

कारण बाग झाली होती ती शहराच्या जुन्या पाणीघराच्या जागेवर, आणि अप्पांची उभी हयात त्या पाणीघरात गेली होती. वर एक तळं, खाली टाक्या, आणि मधे विटांनी बांधलेला, पुरुषभर खोल कालवा. तळ्याच्या तोंडाशी लोखंडी दार आणि दारावर एक मोठं चाक. चाक फिरवून दार उचलायचं, हवं तेवढं पाणी खाली सोडायचं, पुन्हा दार उतरवायचं, हे अप्पांचं काम. पुढे पाणीघर दुसरीकडे हललं, अप्पा घरी बसले. मग सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर अप्पांच्या डोक्यातल्या गोष्टी एकेक करून जागा सोडायला लागल्या. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवेना, पण तरुणपणातलं मात्र काल घडल्यासारखं सांगत.

डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, की त्यांच्याशी वाद घालू नका, त्यानं ते बिथरतात. आता वाद घालू नका म्हणजे काय, याचा प्रत्येक घर आपापल्या सोयीनं अर्थ लावतं. या घरानं सगळ्यात सोपा लावला. अप्पा काहीही म्हणोत, हो म्हणायचं. बायको बाजारातून आली का? हो अप्पा, येतीलच आता. साहेबांचा निरोप आला का? हो, उद्या बोलावलंय. माझी सायकल पुसली का? हो, लख्ख पुसली. ती सायकल कधीच भंगारात गेली होती. अप्पा समाधानानं मान हलवायचे आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागायचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण त्यानं घरात शांतता नांदत होती हेही खरं. दिवसभर दुकानात उभं राहून आलेल्या बाईला शांततेपुढे खरंखोटं कुठं सुचतं?

टिल्लीला तर हे घरातलं खेळणंच वाटायचं. तिनं आईचं पाहून पाहून तो खास सूर उचलला होता. जरा गोड, जरा वरचा, आणि बोलणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच आहे असा. रात्री झोपायच्या वेळचा खेळ ठरलेला असायचा. दिवा बंद करण्याआधी अप्पा बटणावर हात ठेवून विचारायचे, "रिकामा का?" टिल्ली पांघरुणातून ओरडायची, "रिकामा!" असं तीनदा व्हायचं आणि मग दिवा जायचा. ही त्यांच्या कामावरची रीत होती. चाकापाशी उभं राहिलं की कालव्याचं खालचं वळण दिसत नसे, आणि गाळ काढायला माणसं उतरलेली असायची. म्हणून दार उचलण्याआधी चाकावरच्या माणसानं तीनदा विचारायचं आणि वळणाच्या काठावरच्यानं तीनदा सांगायचं. अप्पांनी कधीतरी नातीला हे सगळं समजावून सांगितलं होतं. तिला त्यातलं फक्त ओरडणं आवडलं.

एकदा या हो-हो करण्यानं दणकाही दिला होता. अप्पांनी आतून विचारलं, गॅस बंद केला का, आणि चष्मेवालीनं सवयीनं हो म्हटलं. पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं, घरभर धूर झाला. तिनं पातेलं शेजारच्या कचऱ्यात टाकलं आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्या दिवशी ती स्वतःवर फार चिडली होती. पण चीड ती किती दिवस टिकणार, दुसऱ्या दिवशी अप्पांनी पुन्हा सायकलीचं विचारलंच.

तर असं होतं. शेवटी एका रविवारी सकाळी नवरा म्हणाला की आज जाऊ या, अप्पांना त्यांची जागा बघून बरंच वाटेल. चष्मेवालीच्या मनात पाल चुकचुकली. अप्पांना नव्या जागी नेलं की ते गोंधळतात, हे तिला माहीत होतं. जुन्या जागी नेलं तर काय होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तोंडाशी आलेलं 'नको' तिनं गिळलं आणि हो म्हणाली. त्या घरात कोणालाही नाही म्हणायची सवयच उरली नव्हती.

डबे भरले, अंडी उकडली, संत्री घेतली, चहाचा थर्मास घेतला. अप्पांचा चष्मा तिनं आपल्या पिशवीत टाकला, कारण तिनं स्वतः जीव ओतून बनवलेला तो चष्मा अप्पा कधीच लावत नसत. लांबचं सगळं त्यांना धुरकट दिसायचं, पण चष्मा म्हटलं की दुसऱ्या कोणाचा तरी असेल म्हणून परत करायचे.

आभाळ भरलेलं नव्हतं आणि उघडंही नव्हतं. ऊन असून सावल्या पडत नव्हत्या. बागेचं दार मोठं होतं, काचेचं आणि पोलादाचं, आणि आत पाऊल टाकलं तसे अप्पा बदलले. हे चष्मेवालीला पहिल्यांदा त्यांच्या हातावरून कळलं. रस्त्यानं चालताना त्यांचा हात तिच्या हातात कायम थोडा थरथरत असे, तो थांबला. मग त्यांनी तो काढूनच घेतला. पाठ सरळ झाली. नवरा खूश होऊन म्हणाला, बघ, सांगत नव्हतो? तिला मात्र ते बघून बरं वाटलं नाही. इतकी वर्षं जो माणूस तिच्या आधारानं चालत होता त्याला एकदम कोणाचाच आधार नको झाला होता, आणि याचं काय करायचं ते तिला समजेना.

बाग सुंदर होती, यात वाद नाही. जुन्या टाक्यांमध्ये आता कमळं होती. यंत्रं ठेवायच्या खोलीत उपाहारगृह होतं. जिथं काही सुचलं नसेल तिथं हिरवळ होती. आणि मधला कालवा तसाच ठेवला होता, फक्त कोरडा. तळाला स्वच्छ वाळू, गुळगुळीत गोटे, उतरायला पायऱ्या, वरून दोन कमानी पूल. लहान मुलं तिथं दिवसभर खेळत. संध्याकाळी पहारेकरी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना वर काढायचा आणि मोटरनं घोटाभर पाणी सोडायचा, रंगीत दिव्यांत. तोच तो पाण्याचा खेळ, ज्याचे फोटो दुकानाच्या मालकानं दाखवले होते.

अप्पा कालव्याच्या काठाशी आले आणि थबकले. खालून मुलांचा कलकलाट वर येत होता. त्यांना आकृत्या दिसत नसल्या तरी आवाज ऐकू येत होते. त्यांचा चेहरा कडक झाला. आत माणसं कोणी सोडली, असं त्यांनी आपल्या मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, काढतो अप्पा, लगेच बाहेर काढतो. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, काढली का? काढली, मुलगा म्हणाला. त्याच वेळी टिल्ली आईचा हात सोडून पायऱ्यांवरून खाली पळाली होती आणि पिवळा सदरा फडकवत वाळूत पोचलीसुद्धा होती.

चाक कालव्याच्या वरच्या टोकाला, तळ्याच्या भिंतीवर होतं. त्याला झगझगीत लाल रंग दिला होता. शेजारी पाटी होती, जुन्या पाणीघराची आठवण म्हणून हे चाक जतन केलं आहे वगैरे. लोक चाकावर हात ठेवून, दात ओठ खाऊन फिरवल्याचं सोंग करून फोटो काढून घेत होते. ते जागचं हलत नव्हतं. नवऱ्यानंही दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, हसला, घाम पुसला आणि बायकोला म्हणाला की सांधून टाकलं असणार. चष्मेवालीलाही तसंच वाटलं. बागेतल्या गोष्टी शोभेच्याच असतात, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

अप्पा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो तिनं आधी कधी पाहिला नव्हता. घरातल्या अप्पांना राग यायचा तो लहान मुलासारखा, ओठ काढून. हा राग तसा नव्हता. हा राग कामावरच्या माणसाचा होता. ते मुलाला म्हणाले की बुडाशी चाक अडवणारी खिटी असते, ती काढल्याशिवाय चाक फिरत नसतं, आणि माणसं आत असताना खिटीला पाय लावायचा नसतो. मुलगा म्हणाला, बरोबर आहे अप्पा. आणि त्यांना दंडाला धरून हिरवळीकडे घेऊन आला.

चादर अंथरली ती चाकापासून थोड्या अंतरावर, कालव्याच्या काठाला लागून, म्हणजे खाली खेळणारी टिल्ली दिसत राहील. डबे उघडले. अप्पांनी खाल्लं नाही. त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं, जिच्यापलीकडे तळं होतं. तळं काठोकाठ भरलेलं होतं. वाऱ्यानं त्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या आणि पाणी भिंतीला लागून चुबुक चुबुक आवाज करत होतं. अप्पा म्हणाले, पाणी फार वर आलंय, सोडायला पाहिजे. चष्मेवाली म्हणाली, हो. ते म्हणाले, वेळ झाली. ती म्हणाली, हो, झाली. ती संत्रं सोलत होती आणि तिचे पाय ठणकत होते. आठवडाभरात पहिल्यांदाच ती बसली होती.

मग बागेच्या पलीकडच्या टोकाला बँड सुरू झाला. ढोलाचा पहिला ठोका पडला तशी माणसं उठून तिकडे निघाली. कालव्यातली पोरं एकेक करून वर चढली आणि आईबापांचे हात ओढत पळाली. नवरा म्हणाला, रांग लागायच्या आत आइस्क्रीम घेऊन येतो. टिल्लीला वरून हाक मारून त्यानं विचारलं, येतेस का. ती नाही म्हणाली. पुलाखाली तिला पांढरे गोटे सापडले होते. तो गेला. हिरवळ बघता बघता मोकळी झाली. इतक्या मोठ्या बागेत एकदम इतकी सामसूम झालेली चष्मेवालीला आवडली नाही. तिनं वाकून खाली पाहिलं. पिवळा सदरा पुलाच्या कमानीखाली दिसत होता. टिल्लीनं हात हलवला, तिनंही हलवला. आणि मग तिनं उशीऐवजी पिशवी डोक्याखाली घेतली आणि आडवी झाली. झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला.

अप्पा उठल्याचं तिला कळलं होतं. हे पुढे तिला कोणी विचारलं नाही, पण तिचं तिला ठाऊक होतं. ते भिंतीकडे चाललेले तिनं पापण्यांच्या फटीतून पाहिले. चाकापाशी जाऊन उभे राहिले तेही पाहिलं. शोभेचं चाक आहे, धरू दे बिचाऱ्यांना घटकाभर, असं तिच्या मनात आलं. त्यांनी चाकावर दोन्ही हात ठेवले. मग त्यांनी हाक दिली.

"रिकामा का?"

तो घरातला आवाज नव्हता. लांब, सपाट, वळणापलीकडे पोचेल असा फेकलेला आवाज होता. तो आवाज इतका वेगळा होता की तिला डोळे उघडायला हवे होते. पण शब्द रोजचेच होते. तिनं डोळे मिटल्या मिटल्याच त्या ठरलेल्या गोड सुरात म्हटलं, "रिकामा."

"रिकामा का?"

"रिकामा."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक आवाज आला. खालून, कमानीखालून, घुमून मोठा झालेला. टिल्लीला झोपायच्या वेळचा खेळ भर दुपारी बागेत सापडला होता, आणि ती आनंदानं ओरडली होती, "रिकामा!"

आईनं डोळे उघडले. तिनं पाहिलं की अप्पांनी डावा पाय उचलला आणि चाकाच्या बुडाशी कशावर तरी दाबला. खट असा आवाज झाला. आणि जे चाक सकाळपासून तरण्याताठ्या गड्यांना हललं नव्हतं, ते वळलं. रंगाचा पापुद्रा फुटून खाली पडला. आधी हळू, मग सहज. आयुष्यभर केलेलं काम हात विसरत नाहीत.

ती उठली कधी आणि धावली कधी, तिला कळलं नाही. आधी ती अप्पांकडे धावली, मग कालव्याकडे, मग पुन्हा अप्पांकडे. भिंतीच्या बुडातून पाणी बाहेर पडलं ते उसळून नाही, तर चादर झटकावी तसं, पूर्ण रुंदीनं, आणि जवळजवळ आवाज न करता. त्यानं वाळू काळी केली, गोटे उचलले, आणि ते पुलाकडे निघालं.

"अप्पा, आत टिल्ली आहे! बंद करा!"

अप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हात चाकावरच होते. त्या घरात कितीतरी काळानंतर कोणीतरी त्यांच्या बोलण्याला नाही म्हटलं होतं, आणि त्यांना ते समजायला वेळ लागत होता. त्यांच्या धुरकट डोळ्यांत तिला आधी गोंधळ दिसला, मग भीती, आणि मग काहीतरी त्याहून वाईट.

"तूच रिकामा म्हणालीस, सूनबाई."

ती वळली आणि काठाकाठानं धावत सुटली. मागे चाक उलटं फिरू लागल्याचा आवाज तिनं ऐकला. म्हाताऱ्यानं दार उतरवायला घेतलं होतं. पण सुटलेलं पाणी सुटलं होतं.

कमानीखाली पिवळं काही नव्हतं. त्यापुढच्या वळणावर एकदा सदरा दिसला, मग नुसता एक हात, मग पुन्हा काही नाही. वळणाच्या टोकाला कालवा संपतो तिथं पालापाचोळा अडवायला लोखंडी जाळी होती, आणि टिल्ली त्या जाळीला चिकटली होती, पाठ टेकून, डोकं एकीकडे कललेलं, अंगावर पाणी चढत चाललेलं. चष्मेवालीनं उडी टाकली. पाणी तिच्या कमरेच्या वर आलं आणि तिलाही जाळीवर आपटलं. तिनं पोरीचा सदरा धरला, तो फाटला. केस धरले, ते टिकले. धावत आलेल्या पहारेकऱ्यानं वरून आपला पट्टा सोडून खाली टाकला. आधी पोर वर गेली, मग ती. तोवर पाणी उतरायलाही लागलं होतं. पलीकडे बँड वाजतच होता. त्या लोकांना काही कळलंच नव्हतं.

टिल्लीला उपडं केलं तेव्हा तिच्या तोंडातून पाणी आलं, मग ओकारी, मग रडणं. ते रडणं ऐकून चष्मेवालीच्या जिवात जीव आला. नवरा दोन हातांत तीन आइस्क्रीम घेऊन आला, आणि काय झालं ते कळल्यावरही कितीतरी वेळ ती तशीच धरून उभा राहिला. ती वितळून त्याच्या मनगटावरून गळत होती.

प्रथमोपचाराची खोली फाटकाजवळ होती. नवी कोरी, भिंतीला अजून रंगाचा वास, एक खाट, एक कपाट, एक तरुण नर्स. टिल्लीला टॉवेलात गुंडाळून खाटेवर बसवलं. गालावर जाळीचा वळ उठला होता, बाकी कुठं खरचटलंही नव्हतं. बागेचा व्यवस्थापक धापा टाकत आला. ते चाक शोभेचं आहे, त्याला काही जोडलेलं नाही असं आम्हाला लेखी दिलंय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि आता मुलगी ठीक आहे ना, हे त्याच दमात विचारत होता. अप्पांना खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. उघड्या दारातून त्यांचे गुडघे आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसत होते. हातांना लाल रंग लागला होता.

नर्सनं टिल्लीला विचारलं, पाणी पोटात खूप गेलं का बाळा? नाही, टिल्ली म्हणाली. छातीत दुखतं का? नाही. श्वास घेताना त्रास होतो का? नाही, काहीच होत नाही. मग घरी जायचं का? हो. नर्स हसली आणि गुणाची आहे हो तुमची, असं म्हणाली. व्यवस्थापकानं सुटकेचा श्वास सोडला. नवऱ्यानंही सोडला, आणि चपला शोधायला लागला. घरी नेऊन गरम काहीतरी पाजू, म्हणजे बरं वाटेल, असं त्याचं चाललं होतं.

चष्मेवाली पोरीकडे बघत होती. तिला तो सूर ऐकू आला होता. जरा गोड, जरा वरचा, आणि लक्ष भलतीकडेच आहे असा. प्रत्येक 'नाही' त्या सुरात होतं, प्रत्येक 'हो' त्या सुरात होतं. नर्सला काय ऐकायला आवडेल हे पोरीनं पहिल्याच प्रश्नाला ओळखलं होतं आणि तेवढंच ती देत होती. टॉवेलाखाली तिची छाती भराभर खालीवर होत होती, नुसतं बसून राहिलेल्या मुलीची व्हावी त्याहून खूपच भराभर. ओठांच्या कडांचा रंग चांगला नव्हता.

चष्मेवाली खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून ती हळूच म्हणाली, "टिल्ली, मला सांग. तुला काही होतंय का?"

टिल्लीनं आधी बाबांकडे पाहिलं, मग नर्सकडे, मग दारातून दिसणाऱ्या गुडघ्यांकडे. मग आईच्या कानाशी तोंड आणलं.

"खरं सांगू, की अप्पांना सांगतो तसं सांगू?"

आपण पोरीला काय शिकवून ठेवलं, हे चष्मेवालीला त्या एका वाक्यात सगळं दिसलं, आणि ते दिसल्यावर रडायला वेळ नव्हता. खरं सांग, ती म्हणाली. टिल्लीनं खरं सांगितलं. आत दुखतंय, आणि श्वास घेतला की तो पुरा भरत नाही, अर्ध्यातच संपतो. हे सांगताना ती मधे दोनदा थांबली आणि खोकली, आणि खोकल्याबरोबर ओठावर गुलाबीसर फेस आला.

नर्सच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं एकही प्रश्न न विचारता फोन उचलला. नवऱ्याच्या हातातली चप्पल खाली पडली. गाडी येईपर्यंत टिल्लीला बसतीच धरून ठेवायची, आडवी करायची नाही, असं नर्सनं बजावलं, म्हणून चष्मेवाली तिला छातीशी धरून खोलीतून बाहेर आली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. पोरीचा प्रत्येक श्वास तिला आपल्या गळ्याशी लागत होता आणि पुढचा येईपर्यंत ती स्वतःचा रोखून धरत होती.

अप्पा बाकावरून उठले. ते तिच्याजवळ आले, पण पोरीला हात लावला नाही. दुपारचं त्यांना किती आठवत होतं कोण जाणे. काम संपल्यावर चाकावरचा माणूस जे विचारतो ते त्यांनी विचारलं.

"सगळे बाहेर आले ना?"

नवऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं. चष्मेवालीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो गप्प झाला. लांबून गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला होता, पण गाडी अजून दिसत नव्हती.

"माहीत नाही, अप्पा," ती म्हणाली.